मॉलिक्युलर मॉडेल किट, एक सेमिस्टर वापरून: एका मिथाईलने अख्खा पीळ कसा ठरतो ते हातात धरून दाखवणारा डबा

हा डबा मी जुलैमध्ये ऑनलाइन मागवला, आता जानेवारी चालू आहे, म्हणजे एक अख्खं सेमिस्टर एमएस्सीच्या पोरांच्या हातात फिरून झालाय, म्हणून आता लिहितेय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं "छान आहे, रंग छान आहेत" एवढंच लिहिलं असतं. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तसे चार-पाच ब्रँडचे डबे आतून जवळपास सारखेच असतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडतं. एक डबा १,८५० ला पडला, मी दोन घेतले, का दोन ते खाली येईलच.

आधी हे सांगते की घेतला कशासाठी. मी एमएस्सी सेकंड इयरला सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री शिकवते, म्हणजे रेणू एकमेकांना धरून मोठी रचना कशी करतात ते. त्यात एक भाग असतो, कायरॅलिटी (रेणू आणि त्याची आरशातली प्रतिमा उजव्या-डाव्या हातासारखी एकमेकांवर न बसणं) वापरून मोठ्या रचनेचा आकार कसा ठरवायचा. पोरांना आर आणि एस (कायरल कार्बनच्या दोन हातांची नावं) लावता येतं, बीएस्सीपासून घोटून घेतलेलं असतं, मार्कही मिळतात. पण पुढे वाक्य येतं की "कायरल लिगंड वापरल्यामुळे मुख्यतः एकाच हाताचं हेलिकेट तयार झालं" (लिगंड म्हणजे धातूला धरणारा रेणू, हेलिकेट म्हणजे धातूंभोवती गुंडाळलेल्या अशा रेणूंचा पीळ) आणि तिथे सगळा वर्ग ते वाक्य नुसतं वहीत उतरवून घेतो. एका कार्बनवरचा आर किंवा एस आणि त्याच्यापासून लांब असलेला अख्ख्या रेणूचा उजवा किंवा डावा पीळ, या दोघांचं नातं काय, हे फळ्यावर दिसतच नाही हो, मी दहा वर्षं फळ्यावर काढून बघितलंय, वेगवेगळ्या रंगांचे खडू वापरून बघितलेत, दिसत नाही ते नाहीच. ते हातात धरल्यावर दिसतं. एवढ्यासाठीच हा डबा.

डब्यात काय आहे: चार भोकांचे काळे कार्बन २०, तीन भोकांचे सपाट कार्बन २४, सपाट नायट्रोजन ६, लाल ऑक्सिजन १२, पांढरे हायड्रोजन भरपूर, थोडे हिरवे-पिवळे गोळे, आणि सहा भोकांचे राखाडी धातू फक्त २. दांड्या तीन प्रकारच्या, आखूड कडक, मध्यम कडक, आणि लांब वाकणाऱ्या, त्या डबल बाँडसाठी. सोबत दांडी उपसून काढायचा एक छोटा चिमटा, आणि हा चिमटा प्लीज हरवू नका, त्याच्याशिवाय नखं तुटतात. रंग नेहमीचेच, कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा. ही रंगांची पद्धत जर्मन केमिस्ट हॉफमनपासून चालत आली, त्याने १८६५ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानात क्रोकेच्या खेळातले चेंडू रंगवून रेणू दाखवले होते. पण त्याचे रेणू सपाट होते, सगळ्या दांड्या एकाच पातळीत. १८७४ मध्ये डच केमिस्ट व्हान्ट हॉफने कार्बनचे चार हात चौफेर पसरवले, आणि नुसतं लिहून थांबला नाही, पुठ्ठ्याचे छोटे टेट्राहेड्रॉन चिकटवून ओळखीच्या केमिस्टना पाठवले. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याने कल्पना मांडली त्यालाच कळलं होतं की हे वाचून नाही पटणार, हातात द्यावं लागेल.

आता सगळ्यात मोठी तक्रार आधीच सांगून टाकते, कारण हे माहीत नसेल तर नुकसान होईल. डब्यासोबत जी रंगीत पुस्तिका येते तिच्यात लॅक्टिक ॲसिडच्या दोन चित्रांची नावं उलटी छापलीत. आर म्हणून जे चित्र दिलंय ते एस आहे. ही चूक माझ्या एका विद्यार्थिनीने पकडली, मी नाही. तिने चित्राबरहुकूम मॉडेल जोडलं, मग हायड्रोजन आपल्यापासून लांब धरला आणि बघितलं, ओएच मग सीओओएच मग मिथाईल (एक कार्बन, तीन हायड्रोजन), तर दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट येत होती, म्हणजे एस. म्हणाली मॅडम माझंच चुकतंय का बघा. तिचं बरोबर होतं. विक्रेत्याला मेल केला, आठ दिवसांनी सॉरी म्हणून दुरुस्त केलेलं पान पाठवलं, पण नवीन डब्यांमध्ये जुनीच पुस्तिका असणार असं मी धरून चालते. ज्या वस्तूचं कामच डावं-उजवं दाखवणं आहे तिच्यात डावं-उजवं उलटं छापणं ही साधी छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही. घेतलात तर पहिल्या दिवशी ते पान फाडून टाका किंवा पेनाने दुरुस्त करा.

सुरुवात कुठून करायची तर मी कार्व्होनपासून करते. दोन्ही हातांचे कार्व्होन जोडायचे, तीन भोकांचे आणि चार भोकांचे मिळून दहा कार्बन, फार वेळ लागत नाही. मग एका बशीत पुदिना आणि एका बशीत बाळंतशेपा ठेवायच्या. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याच्या वासात आर कार्व्होन असतं आणि बाळंतशेपात एस. दोन्ही हुंगायला लावायचं आणि मग हातातली दोन मॉडेलं एकमेकांवर बसवून बघा म्हणायचं. बसत नाहीत. एका कार्बनवरची अदलाबदल नाकाला कळते कारण नाकातले रिसेप्टरसुद्धा एकाच हाताचे आहेत. एका मुलाला त्याच्या घरी बाळंतिणीला जेवणानंतर शेपा देतात ते आठवलं, आणि तिथून वर्गाला विषय आपलासा वाटायला लागला.

पण ही फक्त ओळख. खरी मजा पुढे आहे, आणि डब्याची खरी परीक्षाही.

१९८७ मध्ये फ्रेंच केमिस्ट लेनच्या ग्रुपने स्ट्रासबुर्गमध्ये बायपिरिडीनच्या (नायट्रोजन असलेल्या दोन जोडलेल्या रिंग) लांब साखळ्या कॉपर वनबरोबर (एक धन भार असलेलं तांबं) मिसळल्या आणि दोन साखळ्या आपोआप एकमेकींभोवती गुंडाळल्या गेल्या, दुहेरी पीळ. त्याला हेलिकेट म्हणतात. त्याच वर्षी लेन, क्रॅम आणि पेडरसन यांना नोबेल मिळालं. मी ठरवलं की वर्गात हे हेलिकेट जोडायचंच, सगळ्यात छोटं, दोन साखळ्या आणि दोन कॉपर. हिशोब केला तर सपाट कार्बन लागतात ४०, नायट्रोजन ८. एका डब्यात सपाट कार्बन २४. म्हणून दोन डबे. हायड्रोजन बहुतेक गाळले, नाहीतर गोळ्यांच्या गर्दीत पीळ दिसतच नाही. आणि इथे डब्याची दुसरी उणीव कळली. कॉपर वनला चार नायट्रोजन लागतात, चौफेर, टेट्राहेड्रल. डब्यातले दोन्ही धातू सहा भोकांचे. सहा भोकांत चार दांड्या घालून चालत नाही कारण कोन ९० अंशांचे येतात आणि सगळा पीळच वेगळा पडतो. मग आम्ही चार भोकांचे काळे कार्बन घेतले आणि त्यांना तांबड्या ऑइल पेंटने रंगवलं. दांड्या मध्यम वापरल्या कारण कॉपर-नायट्रोजन अंतर दोन अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं, कार्बन-कार्बनपेक्षा बरंच जास्त. पुढच्या वेळी डबा बनवणाऱ्यांनी चार भोकांचे दोन-चार धातू घालावेत, एवढं तरी करा.

जोडताना काय होतं ते सांगते, कारण इथेच पैसे वसूल झाले. सुटी बायपिरिडीन घेतली तर तिचे दोन नायट्रोजन एकमेकांकडे पाठ करून बसतात. कॉपर धरायचा तर मधली दांडी अर्धा वळसा फिरवून दोघांना एका बाजूला आणावं लागतं. एका साखळीच्या दोन बायपिरिडीन दोन कॉपरना धरतात, मध्ये सीएचटू-ओ-सीएचटू असा आखूड जोड. दुसरी साखळी त्याच दोन कॉपरना धरायला आली की पहिल्या कॉपरवर ती पहिलीला आडवी जाते. आता दुसऱ्या कॉपरपर्यंत पोचायचं तर ती वरून जाणार की खालून. आणि हा निर्णय एकदा घेतला की पीळ ठरला. एका गटाने वरून नेली, मग तेच सोडवून दुसऱ्या गटाने खालून नेली, एकदा उजवा पीळ पडला, एकदा डावा. दोन्ही वेळा तेवढाच सुबक, तेवढाच घट्ट. एकाही साखळीत कायरल कार्बन नाही, तरी पूर्ण रचना कायरल. वर्ग दोन मिनिटं गप्प होता. तिसऱ्या गटाने वेगळंच केलं, पहिल्या कॉपरवर एक पीळ आणि दुसऱ्यावर उलटा, तर साखळ्या गुंडाळल्याच नाहीत, समोरासमोर राहिल्या. मी म्हटलं चुकलं नाही बाळांनो, त्याला मेसोकेट म्हणतात आणि तेही खरोखर तयार होतं, मधला जोड किती लांबीचा आहे त्यावर ठरतं. आल्ब्रेख्टने जर्मनीत कॅटेकॉल नावाच्या रेणूंच्या तीन साखळ्यांच्या रचनांवर काम केलं त्यात दिसलं की जोडात कार्बन सम असतील तर हेलिकेट आणि विषम असतील तर मेसोकेटकडे कल. हे मी दरवर्षी शिकवते, पण यंदा पोरांनी ते शिकायच्या आधी करून बघितलं होतं.

आमच्या लॅबमधले मामा तिथे बाटल्या धूत होते. ते जवळ आले, पिळाचं मॉडेल उचललं आणि म्हणाले, मॅडम हा उलट्या पिळाचा आहे, आमच्याकडे सुंभ वळतात त्याचा पीळ याच्या उलट असतो. एका विद्यार्थ्याने मॉडेल उलटं करून धरलं आणि म्हणाला मामा आता? मामा म्हणाले, उलटं केलं तर काय होतंय, दोरी कोणत्याही टोकाने धर, पीळ तोच राहणार. मी सांगते तुम्हाला, हेलिकल कायरॅलिटीची याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला आजपर्यंत देता आलेली नाही. त्या दिवसापासून आम्ही वर्गात हेलिसिटी म्हणायच्या ऐवजी पीळ आणि स्ट्रँडला पेड म्हणायला लागलो, आणि पी हेलिक्स (उजवा पीळ) एम हेलिक्स (डावा पीळ) परीक्षेत लिहायचं असतं म्हणून तेवढं लिहितो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कायरॅलिटीने आकार ताब्यात कसा घ्यायचा. दोन्ही पीळ सारखेच सोपे असतील तर फ्लास्कमध्ये अर्धे उजवे अर्धे डावे येणार. मग आम्ही मधल्या जोडातल्या प्रत्येक सीएचटूवरचा एक हायड्रोजन काढून तिथे मिथाईल लावला, सगळे एकाच हाताचे. मिथाईलवर तिन्ही हायड्रोजन लावा, इथे कंजुषी करू नका, कारण सगळा खेळ त्या तीन पांढऱ्या गोळ्यांचा आहे. एका पिळात ते मिथाईल बाहेर तोंड करून मोकळे बसले. त्याच साखळ्या सोडवून दुसऱ्या पिळात गुंडाळायला गेलो तर तेच मिथाईल आत आले आणि शेजारच्या पेडावर आपटायला लागले, जोर लावला तर एक दांडी निसटून उडाली. बस. हेच ते. त्या मुलीच्या हातातून दांडी उडाली तेव्हा तिला कळलं की "स्टेरिक क्लॅश" म्हणजे काय. १९९१ मध्ये लेनच्याच ग्रुपने कायरल साखळ्या घेऊन हेलिकेट केलं आणि त्यात एका हाताचा पीळ जास्त पडला असं दाखवलं. कागदावर ती एक ओळ आहे, हातात तो एक धक्का आहे. आणि सगळे मिथाईल उलट्या हाताचे लावले तर पीळही नेमका उलटा, त्यासाठी वेगळं मॉडेल करायचीही गरज नाही, लॅबच्या बेसिनवरच्या आरशात बघा.

इथे डब्याचं कौतुक करायलाच हवं. दांड्या इतक्या घट्ट आहेत की नको तिथे सैल फिरत नाहीत, आणि तरी फिरवल्या तर फिरतात. स्वस्त डब्यांमध्ये हे जमत नाही, एकतर सगळं लुळं पडतं नाहीतर फिरतच नाही. हेलिकेट दोन महिने खिळ्याला टांगलेलं होतं, पीळ सुटला नाही.

जिथे डबा कमी पडतो ती जागा म्हणजे अमाइड. अमाइडचा (सीओ-एनएच असा गट) सीएन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन बाँड फिरत नाही, त्याच्यात डबल बाँडचा अंश असतो, पण डब्यात तो साध्या एका दांडीने जोडायचा, आणि ती फिरवली की फिरते. माझा एक विद्यार्थी इलेक्ट्रिकच्या दुकानात काम करतो, त्याने हीट श्रिंक ट्यूबचे छोटे तुकडे आणले, ते दांडीवर चढवून गरम केले की बाँड जाम. दोन तास गेले पण काम पक्कं झालं. हे केल्याशिवाय पुढचं मॉडेल जमणारच नाही.

पुढचं मॉडेल म्हणजे बीटीए, बेंझीनवर एक सोडून एक असे तीन अमाइड. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला मायरच्या ग्रुपने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. ही एक चकती, तिच्या डोक्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, अशी उतरंड लागते आणि प्रत्येक चकतीचे तीन एनएच वरच्या किंवा खालच्या चकतीच्या सीओला धरतात. धरायचं तर तिन्ही अमाइडना बेंझीनच्या पातळीतून एकाच दिशेला थोडं कलावं लागतं, पंख्याच्या पात्यांसारखं. पाती कोणत्या बाजूला कलली यावर उतरंडीचा पीळ ठरतो. दोन डब्यांत चार चकत्या होतात, नायट्रोजन तिथे संपतात. हायड्रोजन बाँडसाठी डब्यात काहीच नाही. आम्ही बारीक रंगीत लोकर बांधली आणि ते उलट चांगलंच झालं, कारण हा बाँड साध्या दांडीपेक्षा कमजोर आहे हे दोऱ्याकडे बघूनच कळतं.

आता बीटीएच्या शेपटीत (अमाइडला जोडलेल्या साखळीत) एक मिथाईल एका हाताने लावा, सगळी उतरंड एका बाजूला पिळली जाते. आणि सगळ्या चकत्यांना लावायचीही गरज नाही, मिश्रणात थोड्याच चकत्या कायरल असल्या तरी बाकीच्या बिनहाताच्या चकत्या त्यांच्यामागे जातात. याला सार्जंट आणि सोल्जर म्हणतात, हे नाव मार्क ग्रीनच्या कामातून आलं, न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला, १९८९ मध्ये, पॉलिआयसोसायनेट नावाच्या साखळ्यांवर. आमच्याकडे वर्गात लेझीम पथकातल्या पोरी होत्या, त्या लगेच म्हणाल्या की मॅडम आमच्या पथकातही असंच असतं, नव्या पोरींना पावलं येत नसली तरी मधेमधे पावलं येणाऱ्या चार जणी उभ्या केल्या की ओळ बरोबर फिरते. बरोबर आहे, पण एक फरक मी त्यांना सांगितला. लेझीममध्ये नवी पोरगी बघून शिकते, इथे चकती शिकत नाही, तिला शेजारणीपेक्षा उलटं कलणं महाग पडतं एवढंच. हायड्रोजन बाँड नीट बसत नाहीत. म्हणजे एकेकटीला उजवं-डावं सारखंच, पण शेजारणीशी जुळवून घेणं सगळ्यांनाच स्वस्त.

आणि ग्रीनचं १९८८ चं काम तर मला वाचताना अंगावर काटा आला होता. त्यांनी मिथाईलसुद्धा लावला नाही. शेपटीच्या पहिल्या कार्बनवर एक हायड्रोजन काढून ड्युटेरियम (हायड्रोजनचाच जड प्रकार) टाकला. आकार तोच, फक्त वजन दुप्पट. तेवढ्यावर साखळीचा पीळ एका बाजूला झुकला. प्रत्येक कडीमागे ऊर्जेचा फरक साधारण १ कॅलरी प्रति मोल, आणि खोलीच्या तापमानाला रेणू जी धडपड करत असतात ती सुमारे ६०० कॅलरीची. एकट्या कडीला त्या १ कॅलरीचा काही पत्ताही लागणार नाही. पण शेकडो कड्या एकत्र निर्णय घेतात, मध्येच पीळ उलटा करणं महाग असतं, म्हणून तो एकेक पैसा गोळा होऊन मोठी रक्कम होते.

आणि हे डबा दाखवू शकत नाही. हे मी स्पष्ट लिहिते कारण बरेच शिक्षक इथे फसतात. डब्याला आकार कळतो, ऊर्जा कळत नाही. मिथाईल आपटतो ते डबा दाखवतो, कारण तो फरक मोठा आहे. ड्युटेरियमसाठी डब्यात वेगळा गोळा टाकला तरी हाताला काहीच फरक जाणवणार नाही, दोन्ही पीळ सारखेच सहज पडतील. तिथे मॉडेल खाली ठेवायचं आणि आकडे घ्यायचे. मी तसंच करते, चार चकत्यांची उतरंड समोर ठेवते आणि फळ्यावर ती १ कॅलरी आणि ६०० कॅलरी लिहिते, आणि विचारते की मग कसं झालं असेल. उत्तर यायला पंधरा मिनिटं लागतात, ती पंधरा मिनिटं मी काही बोलत नाही.

आपल्याकडे म्हण आहे ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती मी वर्गात एका खऱ्या प्रयोगासाठी वापरते. जपानमध्ये नागोयाला याशिमा, माएदा आणि ओकामोतो यांनी १९९९ मध्ये दाखवलं की एका पॉलिमरला कायरल अमाइनने एका बाजूला पीळ दिला, मग ते कायरल अमाइन काढून त्याच्या जागी साधं, बिनहाताचं अमाइन घातलं, तरी पीळ राहिला. पीळ देणारा निघून गेला, पीळ तसाच. मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले मग म्हण काय उगाच आहे का.

फेरिंगाच्या मोटरसाठी (प्रकाशावर एकाच दिशेने फिरणारा रेणू) मात्र एक डबा पुरतो, हे मी मुद्दाम मोजून सांगते. १९९९ ची पहिली मोटर, दोन सारखे अर्धे, मधे डबल बाँड, सपाट कार्बन लागतात २२, डब्यात आहेत २४. चार भोकांचे ८. हायड्रोजन फक्त दोन मिथाईलवर आणि त्यांच्या कार्बनवर लावा. वाकणाऱ्या लांब दांड्यांनी मधला डबल बाँड केला की दोन्ही अर्धे एका पातळीत राहूच शकत नाहीत, जागाच नाही, म्हणून वाकडे होऊन पिळले जातात. मिथाईल कडेच्या रिंगवर उभा, म्हणजे ॲक्सियल, असेल तर मोकळा बसतो. प्रकाशाने डबल बाँड अर्धा फिरतो तेव्हा तोच मिथाईल आडवा होऊन गर्दीत सापडतो, मग उष्णतेने पीळ उलटतो आणि मिथाईल परत उभा राहतो, आणि आता मागे जायचा रस्ता बंद. असं दोनदा झालं की एक पूर्ण फेरी, आणि ती नेहमी एकाच दिशेने. दिशा कोणी ठरवली, त्या दोन मिथाईलच्या हाताने. ग्रोनिंगेनचं हे काम, आणि २०१६ चं नोबेल फेरिंगाला सोव्हाज आणि स्टॉडार्टबरोबर. मॉडेल हातात फिरवताना डबल बाँडच्या दांड्या काढून परत घालाव्या लागतात, त्या भोकांना ताण येतो, माझ्या एका डब्यातले दोन सपाट कार्बन तिथे चिरले. तेव्हा रोज रोज फिरवू नका, हळू करा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर सहा महिन्यांत दोन कार्बन चिरले, पंधरा-वीस हायड्रोजन हरवले, तीन दांड्या तुटल्या. चाळीस पोरांच्या हातात हे काहीच नाही. सुटे भाग मात्र मिळत नाहीत, पूर्ण डबाच घ्या म्हणतात, हे मला पटलं नाही.

कुणी म्हणेल की फुकटची सॉफ्टवेअर आहेत, ॲव्होगाड्रोसारखी, मग डबा कशाला. मी दोन्ही वापरते. सॉफ्टवेअर ऊर्जा काढून देतं, अंतरं बरोबर दाखवतं, चाळीस चकत्यांची उतरंडही लावता येते. पण स्क्रीनवर रेणू फिरवला की डावं-उजवं डोळ्याला फसवतं, मी स्वतः कितीतरी वेळा पोरांना स्क्रीनवर उजवा पीळ डावा म्हणताना बघितलंय. आणि स्क्रीनवर दांडी उडत नाही. ज्यांचं बजेटच नाही त्यांनी निराश होऊ नका, पुण्याच्या अरविंद गुप्तांनी सगळ्या देशाला शिकवलेली सायकलची व्हॉल्व ट्यूब आणि काड्या घ्या, चार पायांचा सांधा त्यात होतो, मी डबा घ्यायच्या आधी पाच वर्षं तेच केलं. लॅक्टिक ॲसिड, कार्व्होन, अगदी बायपिरिडीनपर्यंत जमतं. फक्त ट्यूब लवचिक असल्यामुळे मिथाईल आपटल्याचं हाताला कळत नाही, सगळं गुमान वाकून घेतं, आणि या विषयात नेमकं ते आपटणंच हवं असतं.

घ्यायचा की नाही, तर बीएस्सीसाठी एक डबा पुरे, एमएस्सीला सुप्रामॉलिक्युलर शिकवत असाल तर दोनच घ्या, एकात हेलिकेट होत नाही. संशोधनाला जाणाऱ्या पोरांसाठी तर नक्की, माझे दोन विद्यार्थी आता पुण्यात फोल्डामरच्या (ठरावीक आकारात दुमडणाऱ्या साखळ्या) मागे आहेत, एनसीएल आणि आयसरमध्ये या प्रकारची कामं झालेली आहेत, ते जाताना म्हणाले मॅडम आम्हाला कागदावरचा रेणू बघितला की आता हात आपोआप फिरतो. मी पाचपैकी चार देते. अर्धा त्या उलट्या छापलेल्या पानासाठी कापला आणि अर्धा चार भोकांच्या धातूसाठी.

पुढच्या टर्मला सोव्हाजची १९८९ ची ट्रेफॉइल, म्हणजे तीन पाकळ्यांसारखी गाठ करायची आहे, दोन पेड दोन कॉपरवर गुंडाळायचे आणि मग टोकं जोडून टाकायची, कॉपर काढला तरी गाठ राहते आणि त्या गाठीलाही स्वतःचं डावं-उजवं असतं. मी कागदावर मोजलंय, मधले लांब जोड धरले तर दोन डबे पुरणार नाहीत. चार भोकांचे धातूचे गोळे आणि सुट्या मध्यम दांड्या कुठे वेगळ्या मिळतात हे कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा, मला मार्चच्या आधी हवेत.